रुसणे – पाहा: सशाचे दात

मित्रांनो, मी एक जुनी विषयसूची आहे. यादी नव्हे. यादी घेऊन लोक दुकानात जातात आणि घरी आले की तिचा बोळा करून टाकतात. मला कोणी यादी म्हटले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. यादी नुसती नावे सांगते, मी बोट धरून नेते. माझ्यातल्या एखाद्या शब्दावर क्लिक करा, मी तुम्हाला नेमक्या पानावर नेऊन सोडते आणि वाचून झाले की परतही आणते.

माझे घर म्हणजे जनावरांच्या एका डॉक्टरची छोटीशी वेबसाइट. आता तुम्ही म्हणाल, वेबसाइटच्या पानाला डोळे कुठले आणि कान कुठले? ते मलाही ठाऊक नाही. पण ज्या पडद्यावर कोणी आमची वेबसाइट उघडते, त्या पडद्यासमोरची खोली मला दिसते आणि तिथले बोलणे ऐकू येते. एवढे तुम्ही मानून चाला, म्हणजे पुढे अडणार नाही. माझ्या जन्माआधीचे जे सांगते आहे ते मात्र ऐकीव आहे. घरात ते इतक्यांदा बोलले गेले, की मला पाठच झाले आहे.

त्या घरात तीन माणसे होती. आई जनावरांची डॉक्टर. बाबा एका छापखान्यात प्रुफे तपासायचे आणि जाडजूड पुस्तकांच्या शेवटी जी विषयसूची असते ती तयार करायचे. दुकानाच्या पाटीवरचा चुकलेला कानामात्रासुद्धा त्यांना बघवत नसे. आत जाऊन दुकानदाराला सांगून येत. आणि त्या दोघांची एकुलती एक लेक, पिल्लू. जनावरांच्या डॉक्टरच्या घरात मुलीला दुसरे काय म्हणणार? आता पिल्लूच्या केसांत पांढरे दिसू लागले आहे, तरी ती पिल्लूच आहे.

आई जेवायला बसली की फोन वाजायचा. कुणाच्या कुत्र्याने मोजा गिळलेला असे, कुणाचे मांजर कपाटावरून खाली यायला तयार नसे. आई एका हातात घास धरून दुसऱ्या हाताने फोन धरायची आणि कालच दुसऱ्या कुणाला सांगितलेले पुन्हा सांगायची. वरण गार होऊन जायचे. शेवटी बाबाच वैतागले.

“अगं डॉक्टर, तेच तेच किती जणांना सांगशील? एकदा लिहून टाक. मी तपासतो, पिल्लू चढवेल वेबसाइटवर.”

पिल्लू तेव्हा कॉलेजात होती आणि कॉम्प्युटरपायी तहानभूक विसरत होती. आईने लिहायला घेतले. तिचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते जगात फक्त बाबांना लागायचे. आई लिहायची, बाबा ते सुवाच्य करायचे, पिल्लू वेबसाइटवर टाकायची. पाने वाढत गेली. घरात सगळे खूश झाले, आणि फोन पूर्वीपेक्षा जास्त वाजू लागले. कारण लोक आता फोन करून विचारायचे, “डॉक्टर, ते मोज्याचं वेबसाइटवर कुठे लिहिलंय?”

पाने ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने पडली होती ना! मग ती लावायची कशी, यावरून जेवणाच्या टेबलावर जुंपली. आई म्हणाली, रोगांप्रमाणे लावा. पिल्लू म्हणाली, प्राण्यांप्रमाणे लावू. बाबा म्हणाले, “ज्याला शोधायचंय तो काय शब्द घेऊन येतो, ते आधी बघू या.” दोघींना ते काही पटले नाही, पण बाबा कामाला लागले होते.

छापखान्यातून सुटले की घरी न येता ते आईच्या दवाखान्यात जाऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. मांडीवर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, कानावर पेन्सिल. एका बाजूला शिंकणारे मांजर, दुसऱ्या बाजूला टोपलीतली कोंबडी. आपला नंबर येईपर्यंत लोक एकमेकांना गाऱ्हाणी सांगत, ती बाबा जशीच्या तशी टिपून घेत. सांधेदुखी हा शब्द तिथे कुणाच्या तोंडी नसे. “आमचा म्हातारा जिना चढताना कुरकुरतो,” असे म्हणत, आणि म्हातारा म्हणजे कुत्रा असे. बाबा चिठ्ठीवर लिहीत, ‘कुरकुरणे’. मग ‘जिना’. मग ‘म्हातारा’. एका दुखण्याला तीन दारे.

एकदा एक मुलगी आपला ससा घेऊन आली. बाबांना म्हणाली, “माझा ससा रुसलाय. कोपऱ्यात तोंड करून बसतो. दिलेलं खात नाही.” बाबांनी लिहिले, ‘रुसणे’. घरी ती चिठ्ठी पाहून आईने कपाळाला हात लावला.

“अहो, ससे रुसत नाहीत! त्याच्या दाढा वाढल्या होत्या. जीभ सोलून निघाली होती बिचाऱ्याची. खाणार कसा?”

“ससा रुसत नसेल, डॉक्टर. पण माणसं तसंच म्हणतात. आणि सूचीत शोधणार माणूस. ससा नाही शोधणार.”

“माझ्या वेबसाइटवर असलं काहीतरी बघून लोक हसतील मला.”

“हसू देत. हसत हसत पानापर्यंत पोचतील.”

दोघांपैकी कोणीच हटेना. मग आईने ‘सशाचे दात’ या पानाचे पहिलेच वाक्य असे लिहिले: “ससा रुसत नाही, त्याला दुखत असते.” पुढे लिहिले, की जो ससा वाटीपर्यंत येतो, वास घेतो आणि मागे फिरतो तो भुकेला असतो. दिवसभर त्याने खाल्ले नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, उद्यावर टाकू नका. ते वाचून बाबांनी समाधानाने मान हलवली आणि ‘रुसणे’ ही चिठ्ठी ‘र’च्या ढिगात ठेवली.

मी जन्मले ती जेवणाच्या टेबलावर. बुटांच्या खोक्यांतून चिठ्ठ्या बाहेर आल्या आणि अ, आ, इ असे ढीग लागले. चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून पंखा बंद. घामाघूम झालेली आई दवाखान्यातून आली की म्हणायची, “अहो, पंखा तरी लावा,” आणि बाबा मान वर न करता म्हणायचे, “थांब, क चालू आहे.” घरातले मांजरही नेमके ‘क’वरच बसायचे. कान, काटा, कुरकुरणे, सगळे त्याच्या पोटाखाली ऊब घेत. जेवणाची ताटे त्या दिवसांत मांडीवर असायची.

चिठ्ठ्यांवरून पिल्लूने मला वेबसाइटवर आणले आणि बाबांनी मला दोन सवयी लावल्या. पहिली म्हणजे, रिकाम्या दारावर पाटी लावायची नाही. शब्द दिला तर त्यामागे पान हवेच. दुसरी म्हणजे, गेलेल्या माणसाला परत येता आले पाहिजे. म्हणून प्रत्येक पानाखाली ‘सूचीकडे परत’ असे लिहिलेले असते. हे सगळे तपासायला दर रविवारी बाबा खुर्चीत बसून माझे शब्द मोठ्याने वाचायचे आणि पिल्लू एकेकावर क्लिक करायची. “खवले.” “उघडलं.” “खाज.” “उघडलं.” ते ऐकत आई खिडकीत बसून लिंबू-सरबत प्यायची. मला वाटते, माझे सगळ्यात सुखाचे दिवस तेच.

तरी एकदा गफलत झालीच. एका गृहस्थाचे पत्र आले: “तुमच्या सूचीत खाज या शब्दापुढे लिहिले आहे, पाहा: खरूज. खरूज या शब्दापुढे लिहिले आहे, पाहा: खाज. मी बराच वेळ फिरून आलो. कुत्रा अजून खाजवतोच आहे, आता मलाही सुटली आहे.” आई इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. बाबांना मात्र जेवण गेले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाकडून हे व्हावे! त्यांनी ती दुरुस्त केली, पण आई काही विसरली नाही. बाबा छापखान्यातून निवृत्त झाले त्या दिवशी तिने पिल्लूला हाताशी धरून माझ्यात गुपचूप तीन शब्द घातले.

हट्टीपणा – पाहा: डॉक्टर.
डॉक्टर – पाहा: नवरा.
नवरा – पाहा: हट्टीपणा.

पुढच्या रविवारी वाचता वाचता बाबा ‘ड’वर थबकले. तिथून ‘न’वर गेले, ‘न’वरून ‘ह’वर, आणि पुन्हा ‘ड’वर आले. आई सरबताच्या पेल्याआड तोंड लपवून बसली होती.

“ही चूक आहे,” बाबा गंभीरपणे म्हणाले. मग पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले, “राहू दे.”

मित्रांनो, माझी भरभराट झाली. कुठून कुठून लोक येत. एका बाईंनी कळवले, की आमच्याकडे एकही प्राणी नाही, तरी चहा पिताना मी तुमची सूची वाचते. ‘पोपट, शिव्या देणारा – पाहा: मालक’ हे त्यांनी नवऱ्याला वाचून दाखवले म्हणे. असले काही आले की माझी कॉलर ताठ व्हायची. आई नवी पाने लिहायची, बाबा नवे शब्द आणायचे, आणि मला वाटायचे हे असेच चालणार.

मग बाबा गेले. आजारपण फार लांबले नाही.

त्यानंतर आईने एक ओळ लिहिली नाही. दवाखाना तिने एका तरुण डॉक्टरकडे सोपवला. पिल्लू दूरच्या शहरात नोकरी करत होती. ती घरी आली की खिडकीजवळच्या टेबलावर मला उघडायची. “आई, बघ ना, अजून लोक येतात हं.” आई दारापर्यंत यायची, पडद्यावर मला पाहायची आणि मागे फिरायची. “असू दे. गॅसवर दूध आहे.” बाबांच्या खुर्चीवर वर्तमानपत्रांची रद्दी साठली होती. मी मनात म्हणायचे, रुसली वाटते माझ्यावर. माझे काय चुकले, ते मात्र कळेना.

दिवसांमागून दिवस गेले. कुठले पान हलले, कुठली लिंक मोडली, कोण बघतो? माझ्या कितीतरी शब्दांमागची दारे रिकामी झाली. त्यातच पिल्लूने वेबसाइटच्या डोक्यावर सर्चची चौकट बसवली आणि मला तळाशी बारीक अक्षरांत ढकलले. सर्च चपळ आहे, ते मी नाकारत नाही. पण जे लिहाल तेवढेच ती शोधते, पदरचे काही घालत नाही. लोक यायचे, चौकटीत टाइप करायचे, निघून जायचे. माझ्याकडे कुणाची नजर जाईना.

आणि एक दिवस ज्या कंपनीकडे आमची वेबसाइट ठेवलेली होती, तिने कळवले की आम्ही जुन्या वेबसाइट बंद करतो आहोत, आपापले सामान हलवा. पिल्लू रजा काढून घरी आली. तिने पानामागून पान नव्या जागी नेले. माझ्यापाशी येऊन मात्र तिचा हात थांबला.

“आई, पानं सगळी नेली. सूचीचं काय करू? लिंका मोडल्यात बऱ्याच. एकेक शब्द तपासून जोडावा लागेल. मला एकटीला नाही जमायचं गं, रजा संपेल. तसं सर्च आहे म्हणा आता.”

आई दारातच उभी होती. “मग काढून टाक.”

“नक्की?”

“एकदा सांगितलं ना.”

पिल्लूने माउसवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, “उद्या काढते.” आणि तिने मला मिटले. मित्रांनो, खरे सांगते, मला रडू आले. मरणाचे एवढे नाही. पण बाबांनी बाकावर बसून ऐकलेले सगळे शब्द माझ्याबरोबर जाणार होते. ते दुसरीकडे कुठेच नव्हते.

त्याच दुपारी एका बालवाडीत कुणीतरी आमची वेबसाइट उघडली. मला दिसली बुटकी टेबले, खिडकीला चिकटवलेली कागदी पाने आणि हाताला रंग लागलेल्या एक बाई. त्यांच्याभोवती पोरांचा गराडा होता. वर्गाचा एक ससा होता, त्याचे नाव लाडोबा. तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ करून बसला होता, आणि एक चिमुरडी हमसून हमसून रडत होती.

“बाई, तो माझ्यावर रुसलाय. मी त्याचं गाजर खाल्लं काल.”

“अगं, थांब. बघू या हं काय लिहिलंय.” बाईंनी चौकटीत टाइप केले, ‘ससा रुसला’. सर्चने सांगितले, काहीही सापडले नाही. बाईंनी घड्याळाकडे पाहिले. पोरांना न्यायला घरची माणसे यायची वेळ झाली होती. “उद्यापर्यंत खाईल बहुतेक,” त्या म्हणाल्या.

नाही हो, उद्या नाही! मी ओरडले, पण माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? बाई पान मिटायला निघाल्या. जाता जाता त्यांनी ते खालपर्यंत सरकवले आणि तळाशी बारीक अक्षरांत मी दिसले. “विषयसूची,” त्या पुटपुटल्या. “ही कसली?” मला उघडून त्या ‘र’पर्यंत आल्या, आणि त्यांचे बोट थांबले. ‘रुसणे – पाहा: सशाचे दात’.

ती लिंक मोडलेली नव्हती. तिला धरून मी बाईंना असे नेऊन सोडले, की माझ्या उभ्या आयुष्यात मी कुणाला इतक्या घाईने नेले नसेल. त्यांनी पहिले वाक्य मोठ्याने वाचले. “ससा रुसत नाही, त्याला दुखत असते.”

“म्हणजे माझ्यावर नाही रुसला?” चिमुरडीने विचारले.

“नाही गं राणी. तोंड दुखतंय त्याचं.” बाईंनी उरलेले पान उभ्यानेच वाचले आणि पिंजरा उचलला. मला मिटायचेही त्यांना भान राहिले नाही. मी रिकाम्या वर्गाकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लूने मला उघडले. का उघडले ते मला माहीत होते. तिने माझ्या नावावर खूण केली, आणि फोन वाजला. आईने उचलला.

“हॅलो. हो, मीच... आता नाही हो मी बघत, दवाखाना सोडला... काय म्हणालात?... खातोय? छान. अहो, वेळेवर नेलंत म्हणून. आणखी एक दिवस गेला असता तर...” आई ऐकत राहिली. मग तिचा आवाज बदलला. “ते रुसण्याचं? नाही, ते मी नाही लिहिलं. माझ्या नवऱ्यानं लिहिलं. मी तर नकोच म्हणत होते.”

फोन ठेवून ती दारापर्यंत आली. पडद्यावर मी होते. मला वाटले, आता दूध उतू जाईल. पण आई आत आली, बाबांच्या खुर्चीवरची रद्दी उचलून तिने खाली ठेवली आणि खुर्चीत बसली.

“पिल्लू, ह काढ.”

पिल्लूने ‘ह’ काढला. हट्टीपणा. आईने स्वतः माउस हातात घेतला आणि क्लिक केले. डॉक्टर. पुन्हा केले. नवरा. पुन्हा केले. हट्टीपणा. ती हसू लागली, हसता हसता तिने पदर तोंडाला लावला, आणि मग ते हसू राहिले नाही. पिल्लू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“आई, मला वाटायचं तू बाबांवर रुसलीस. असे अचानक गेले म्हणून.”

“रुसू कशाला गं? इथे आलं की दुखायचं नुसतं.”

मित्रांनो, मी विषयसूची. जगभरचे शब्द माझ्या पोटात. आमच्याच एका पानाचे पहिले वाक्य मला इतकी वर्षे कळले नव्हते. आई वाटीपर्यंत येत होती आणि मागे फिरत होती, आणि मी म्हणत होते, रुसली.

आईने डोळे पुसले आणि चष्मा लावला. “चल, मी वाचते, तू क्लिक कर. अ पासून. आणि तो पंखा बंद कर आधी.”

आता उडायला एकही चिठ्ठी नव्हती. तरी पिल्लूने उठून पंखा बंद केला.

रजा संपेपर्यंत दोघी घामाघूम होऊन बसल्या. मोडलेल्या लिंका जुळल्या, काही शब्द गळले, काही नवे आले. नव्या जागी पिल्लूने मला सर्चच्या शेजारी बसवले आहे, आणि आमचे दोघींचे बरे चालले आहे. तपासणीचा प्रोग्रॅम अजून दर वेळी कळवतो, की चूक आहे, तीन शब्द गोल फिरतात. पिल्लू म्हणते, राहू दे.

शेवटच्या दिवशी आईने ‘रुसणे’ या शब्दाखाली आणखी एक ओळ घालायला सांगितली. ‘रुसणे, माणसाचे – पाहा: दुखणे’.

“आई, दुखणे नावाचं पान नाहीये आपल्याकडे. बाबा काय म्हणायचे? रिकाम्या दारावर पाटी नको.”

“मग कागद दे इकडे.”

आई लिहीत बसली. कागद भरला तेव्हा पिल्लूने तो उलटसुलट करून पाहिला. कोंबडीचे पाय! तिला एक अक्षर लागेना. मग आईने आपले अक्षर तिला मोठ्याने वाचून दाखवले, आणि पिल्लूने ते उतरवून घेतले. ते पान आता माझ्यामागे आहे.

मित्रांनो, एक मागणे आहे. तुम्हीही उद्या वेबसाइट कराल, वह्या लावाल, कपाटे लावाल. तेव्हा ज्याला नेमके नाव माहीत नाही, त्याच्यासाठीही एखादे दार ठेवा, आणि ते उघडते ना, हे अधूनमधून बघत जा. आणि तुमच्या घरात कुणी दारापर्यंत येऊन मागे फिरत असेल, तर रुसले असेल म्हणून सोडून देऊ नका. पाहा.